फुकटची ऊब

"शनिवारी बॉयलर पेटवला नाहीत तर चालेल का?" फुल्ट्झबाई म्हणाल्या, आणि आपण असं काही बोललोच नाही अशा चेहऱ्यानं भिंतीवर टांगलेल्या झाडूंकडे बघत राहिल्या.

शाळेची झाडलोट आणि बॉयलर बघणाऱ्या ऑरिन स्टकीनं हातातला पाना खाली ठेवला. शाळांच्या मुख्य अधिकारी त्याच्या तळघरात उतरल्या होत्या, हेच आधी त्याला पचायचं होतं. एकतीस वर्षांत पाच मुख्य अधिकारी येऊन गेले. एकानंही तो लोखंडी जिना पाहिला नव्हता. बाईंच्या टाचा उतरताना जाळीत दोनदा अडकल्या, तरी त्या उतरल्या. म्हणजे बाई घायकुतीला आल्या होत्या.

कारण सगळ्या वेल्बर्न गावाला ठाऊक होतं. शाळेसाठी घरजमिनीवर नवा कर बसवायचा की नाही, यावर नोव्हेंबरातल्या मंगळवारी गाव मत देणार होतं. असं मत गावानं यापूर्वी तीनदा दिलं होतं आणि तिन्ही वेळा नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा नाही आलं तर शाळेला कुलूप, आणि पोरांची रवानगी सतरा मैलांवरच्या ड्रेक्सेलला. म्हणून बाईंनी शनिवारी शाळा सगळ्यांसाठी उघडी ठेवायचं ठरवलं होतं. या, गळकं छप्पर बघा, छप्पन्न सालचा बॉयलर बघा, मग काय ते ठरवा.

"लोक येतील, उबेत फिरतील आणि म्हणतील, सगळं तर ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही, ऑरिन. फक्त त्या एका दिवशी उशिरा या."

"बाई, थंड शाळा मी अजून कुणाला दाखवलेली नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "त्यानंच तर सगळं झालंय." आणि कठडा धरून वर निघून गेल्या.

ऑरिनला राग आला नाही. नवल वाटलं. आपण बरं काम केलं म्हणून कुणाचं वाईट होतंय, हे त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

तो बॉयलर म्हणजे आडवा पडलेला लोखंडी हत्ती. पोटात बहात्तर नळ्या. नळीतून जाळ जातो, भोवती पाणी, पाण्याची वाफ, आणि ती वाफ वर वर्गावर्गांतल्या खोली तापवणाऱ्या रेडिएटरांत. नळी गळायला लागली की नवी नळी आणायची, हे झालं पुस्तकातलं. ही नळी बनवणारी कंपनीच केव्हा बुडाली होती. मग ऑरिन नळीच्या दोन्ही तोंडांत पोलादी पाचर ठोकायचा आणि ती नळी कायमची बाद करायचा. अशा तेवीस नळ्या बाद होत्या. तपासनीस दर वर्षी मान हलवायचा आणि दर वर्षी सही करायचा. राहिलेल्या एकोणपन्नास नळ्यांवर शाळा तापवायची तर वेळ लागणारच. घाईनं तापवलं की पाचरी सुटतात. ऑरिनची पाळी सकाळी सहाची. पहिली पाचर ठोकली त्या वर्षापासून तो साडेपाचला यायला लागला, मग पाचला, मग चारला. गेली सहा वर्षं तो तीनला येत होता. आठला पोरं आत शिरत तेव्हा वर्गातला काटा अडुसष्ट फॅरनहाइटवर असे आणि पोरं स्वेटर काढून खुर्चीला टांगत.

या तीन तासांचा पगार नव्हता. ते कुठे लिहिलेले नव्हते. ऑरिननं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं की शाळा उबदार असते. नदी वाहते, तशी शाळा उबदार असते.

शनिवारी ऑरिन तीनलाच आला.

दहाला माणसं यायला लागली. छपराखालच्या बादल्या त्यांनी पाहिल्या, माना हलवल्या. मग कुणीतरी म्हणालं, तो बॉयलर कुठाय, आणि पन्नासएक माणसं तळघराच्या जिन्यावर. याच शाळेत शिकलेली माणसं होती ती, त्यांचे आईबाप तिथेच शिकलेले, आणि या दाराआड काय आहे ते एकानंही पाहिलं नव्हतं. जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघावं तसे ते बॉयलरकडे बघत होते. हे काय, ते काय, हा काटा कशाचा, यात पडलं तर माणूस शिजेल का. ऑरिनला आयुष्यात एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते. तो खुलला.

आणि तिथेच त्यानं घोटाळा केला. त्यानं झाकण उघडून पाचरी दाखवल्या. ही कधीची, ती कधीची, ही ट्रॅक्टरच्या मोडक्या कण्यातून स्वतः कातलेली. पाण्याचा पंप दूध काढायच्या यंत्राच्या मोटरीवर कसा चालवला ते सांगितलं. गावाला दारिद्र्य दाखवायचं होतं आणि या बाबानं करामत दाखवली. जिन्याच्या वरच्या पायरीवर फुल्ट्झबाई डोळे मिटून उभ्या होत्या.

गेलन रप पुढे आला. सहाशे एकर मका-सोयाबीनचा मालक, ऑरिनच्याच वर्गातला, कराच्या विरोधातला सगळ्यात मोठा आवाज. माणूस वाईट नव्हता. जमिनीवर कर बसतो तेव्हा सहाशे एकरवाल्याला तो सहाशेदा बसतो. बाई म्हणायच्या, महिन्याला एका मोठ्या पिझ्झाएवढा तर कर आहे. गेलनच्या हिशेबानं पिझ्झाचं दुकान येत होतं. त्यानं बॉयलरच्या पाठीवर थाप मारली.

"युद्धनौका आहे रे ही," तो म्हणाला, आणि लोकांकडे वळला. "मंडळी, नवा बॉयलर घेऊन करायचंय काय? आपल्याकडे ऑरिन आहे."

लोक हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तळघरात टाळ्या फार घुमतात. ऑरिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली बघत नाही.

घरी त्यानं वांडाला सगळं सांगितलं. वांडा त्याची बायको, औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. उकडलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या रश्श्यातल्या शेवया वाढता वाढता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पाचरी दाखवल्यास," ती म्हणाली. "गजराचं घड्याळ दाखवलंस का?"

"ते कशाला?"

"लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, कळलं का तुला? तू फुकट आहेस म्हणून."

ऑरिन जेवत राहिला. मग त्यानं काटा खाली ठेवला आणि एक गोष्ट सांगितली, जी वांडालाही ठाऊक नव्हती. तिन्ही वेळा त्यानं कराच्या विरोधात मत दिलं होतं.

वांडा बघतच राहिली. शाळेत झाडू मारणारा माणूस शाळेच्या विरोधात मत देतो, हे ऐकून कुणीही बघत राहील. पण अशी माणसं आमच्याकडे घरोघर आहेत. कौलांचा कारखाना होता तेव्हा तिथल्या कामगारांनी युनियनला नाही म्हटलं, शेजारच्यानं आपल्याला रडका म्हणू नये म्हणून. कारखाना गेला, शेजारचाही गेला, सवय राहिली.

"का रे?" वांडानं विचारलं. भांडणाच्या आवाजात नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नवा बॉयलर फोनवर चालतो म्हणे. त्याला माणूस लागत नाही. आणि..." त्यानं ताट पुढे सरकवलं. "माझ्यानं चालतंय, तर मागायचं कशाला?"

वांडानं भांडी गोळा केली. नळ सोडण्याआधी ती म्हणाली, "तुझ्या कागदावर सहा लिहिलंय. एखाद्या दिवशी सहाला गेलास तर काय होतं तिथं?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत ऑरिनच्या डोक्यात आला नव्हता. आता आला तो निघेना. रविवारभर तो घरात येरझारा घालत होता. बाहेर दोन दिवसांचा कडक गारठा होता, शाळेतला बॉयलर सुटीमुळे बंद. फुल्ट्झबाईंसाठी नाही, करासाठी नाही. त्याला बघायचं होतं. आपण नसतो तेव्हा ती इमारत कशी असते?

सोमवारी तो सहाला गेला.

बॉयलर पेटवला, जाळ नेहमीसारखा हळूहळू वाढवला, कारण पाचरींना पाळीचं घड्याळ कळत नाही. मग थर्मामीटर घेऊन तो वर फिरला. आमच्याकडे बत्तिसाला पाणी गोठतं. आठ वाजता पहिलीच्या वर्गात एकावन्न होतं. उत्तरेकडची खोली. पोरं कोट घालून, टोप्या घालून बसली होती आणि तोंडातून वाफ निघते का ते एकमेकांना दाखवत होती. वर्गाच्या बाईंनी त्यांना उभं करून उड्या मारायला लावल्या. एका पोरीनं हातमोजे घालून पेन्सिल धरायचा प्रयत्न केला, जमेना, तिनं पेन्सिल मुठीत धरली आणि तशीच लिहायला लागली. ऑरिन दारात उभा राहून बघत होता. तेवीस पाचरी त्यानं नेहमी खालून पाहिल्या होत्या. वरून त्या अशा दिसत होत्या.

साडेअकराला काटा अडुसष्टवर आला. तोवर गावभर झालं होतं.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं की ऑरिन पिऊन झोपला असणार. ज्यांना ठाऊक होतं की तो पीत नाही, ते म्हणाले, फुल्ट्झबाईंचा डाव आहे. शनिवारी धडधडत चालणारा बॉयलर सोमवारी कसा बिघडतो? मतदानाला पंधरा दिवस असताना? गेलननं हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून विचारलं की पोरांना गारठवून आमच्याकडून पैसे उकळणार का. शाळा गरम होती तेव्हा तो कर नको म्हणायचा पुरावा होता. थंड झाली तर तोही पुरावाच. ज्याला द्यायचं नसतं त्याला पुरावे कमी पडत नाहीत.

फुल्ट्झबाई दुपारी पुन्हा तळघरात आल्या. या वेळी सपाट बूट घालून.

"मी शनिवारी म्हटलं होतं, ऑरिन," त्या हताशपणे म्हणाल्या. "सोमवारी नाही."

गुरुवारी संध्याकाळी व्यायामशाळेत जाहीर सभा होती. बास्केटबॉलच्या रेषांवर घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. त्या ऑरिननंच मांडल्या होत्या. ज्याला बोलायचं त्यानं माइकपाशी जायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. टेबलावर स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ ठेवलं होतं. बरीच जणं बोलली. सरकारी लॉटरीचा पैसा शाळांना मिळणार होता तो गेला कुठे, हे नेहमीप्रमाणे तिघांनी विचारलं. एका तरुण आईनं सांगितलं की ड्रेक्सेलच्या बसला पोराला सकाळी सव्वासहाला उभं करावं लागेल. गेलन बोलला आणि शेवटी म्हणाला की सोमवारी काय घडलं ते ऑरिननं इथं येऊन सांगावं, तो खोटं बोलत नाही हे आपण सगळे जाणतो.

ऑरिन भिंतीला टेकून उभा होता. त्याचा माइकशी संबंध आजवर वायर जोडण्यापुरता. तो गेला.

"माझी पाळी सहाची," तो म्हणाला. "मी तीनला येतो. सहा वर्षं झाली. तीनला पेटवला तर आठला वर्ग गरम होतात. सोमवारी मी सहाला आलो." तो थांबला. "एवढंच आहे. बिघडलं काही नव्हतं. ती शाळा तशीच आहे. ती एकावन्नच आहे. उरलेलं मी आणतो."

फुल्ट्झबाई ऑरिनकडे अशा बघत होत्या की जणू हा माणूस त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसला. गेलननं टोपी काढून हातात घेतली. क्षणभर असं वाटलं की गावाच्या आत काहीतरी हललं. कुणीतरी उठेल, काहीतरी म्हणेल.

उठली इर्मा क्लॉस. ऐंशीची विधवा, पेन्शनवर जगणारी. एके काळी याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या मनात काही कपट नव्हतं, लहान पोरानं विचारावं तसं तिनं विचारलं.

"पण ऑरिन, बाळा, तुला तीनला यायला कोणी सांगितलं होतं?"

ऑरिननं तोंड उघडलं. त्यानं खरोखर आठवून पाहिलं. कोणीतरी सांगितलं असेल, एखाद्या मुख्याध्यापकानं, एखाद्या वर्षी. पाच मुख्य अधिकारी, एकतीस हिवाळे.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"हं," इर्मा म्हणाली, आणि खाली बसली. तिच्याबरोबर गावही खाली बसलं. खुर्च्या करकरल्या, माणसं श्वास सोडून सैल झाली. कोणी सांगितलंच नव्हतं, तर मग कुणाचा दोषही नाही. माणूस आपल्या हौसेनं येत होता. टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं. त्याची दोन मिनिटं शिल्लक होती.

बाहेर गाड्यांपाशी गेलननं त्याला गाठलं. तो खरंच अवघडला होता.

"अरे, आधी सांगायचंस की मला."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

गेलननं विचार केला. तोही खोटं बोलणारा नव्हता. "म्हटलं असतं, असला खुळेपणा करू नकोस."

शुक्रवारी ऑरिनच्या हातात एक पत्र पडलं. शाळेच्या वकिलानं लिहिलेलं, खाली फुल्ट्झबाईंची सही. पाळीच्या वेळेआधी कोणाही कर्मचाऱ्यानं इमारतीत पाऊल ठेवू नये. बिनपगारी तासांबद्दल पुढे दावा झाल्यास शाळा अडचणीत येऊ शकते. वांडानं ते दोनदा वाचलं.

"बघ," ती म्हणाली. "तीनला ये म्हणून सांगायला कोणी नव्हतं. येऊ नको म्हणून सांगायला वकील मिळाला."

पुढचा आठवडाभर ऑरिन सहाला गेला. आठवडाभर पोरं दुपारपर्यंत कोटात बसली. पालक कुरकुरले, मग त्यांनी पोरांना आणखी एकेक स्वेटर दिला. माणसाला सगळ्याची सवय होते, दुसऱ्याच्या पोरांच्या थंडीची तर फारच लवकर.

आणि मंगळवार आला. आमच्याकडे मतदान शाळेच्या व्यायामशाळेतच होतं. शाळेला सुटी, साडेसहाला दारं उघडतात, गावातली पाच म्हातारी माणसं दिवसभर टेबलांमागे बसून नावं तपासतात आणि मतपत्रिका वाटतात. शाळा ठेवायची की नाही हे ठरवायला गाव शाळेतच यायचं होतं. सोमवारी रात्री पारा अठरापर्यंत उतरणार असं रेडिओ सांगत होता.

जेवणानंतर ऑरिन बूट दाराशी आणून पुसत बसला. वांडानं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या बुटांकडे पाहिलं, आणि त्याचा थर्मास धुवून पालथा घातला.

"ते आपलंच घर जाळायला येणार आहेत, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग?"

"इर्मा दिवसभर बसणार आहे तिथं," ऑरिन म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आणि मला त्यांना थंडीमुळं मत द्यायला लावायचं नाही. थंडीमुळं हो म्हणतील, नाहीतर थंडीमुळं नाही म्हणतील. तसं नको."

"मग कशामुळं म्हणू देत?"

साडेसहाला दारं उघडायची होती. म्हणून तो दीडलाच गेला. वकिलाचं पत्र खिशात होतं.

साडेसहाला व्यायामशाळेतला काटा अडुसष्टवर होता. इर्मा क्लॉस दोन स्वेटर घालून, काखेत गोधडी घेऊन आली होती. दारातून आत येताच थबकली आणि हवेत हात धरून राहिली, पाऊस पडतोय का बघावं तसा. मग तिनं ऑरिनकडे पाहिलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही. फुल्ट्झबाई मत द्यायला आल्या, रेडिएटरावरून हात फिरवला, घड्याळाकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहायचं टाळलं, आणि रांगेत उभ्या राहिल्या. आपलं पत्र मोडलं गेलंय हे त्यांना कळलं होतं; त्यांनी ते कळू दिलं नाही, एवढं चांगुलपण त्यांच्यात होतं.

ऑरिननं सगळ्यांत आधी मत दिलं होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं राहून त्यानं कराच्या बाजूचा गोल काळा केला, पहिल्यांदाच, कडेच्या बाहेर शाई न जाऊ देता, पाचर बसवावी तसा नेटका.

सांगूनच टाकायचं तर कराचा ठराव पडला. एकशे अठ्ठ्याऐंशी मतांनी. मागच्यापेक्षा थोडं कमी अंतर होतं, वर्तमानपत्रानं तेवढंच छापलं. पुढच्या जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. बॉयलर काढायलाही पैसे नव्हते, तो तिथेच आहे.

पण त्या सकाळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर अजून अंधार होता आणि दार उघडलं की गारठ्याचा लोट आत यायचा, त्याच्याबरोबर माणसं. नाकं लाल झालेली, हात काखेत दाबलेले. आत चार पावलं आली की त्यांचे खांदे खाली यायचे. गेलन रप आला, टेबलापर्यंत पोचेतो त्याला उकडायला लागलं. त्यानं जाड कॅनव्हासचा कोट काढला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ऑरिननं हात पुढे केला. गेलननं कोट दिला. मागच्यानंही दिला, त्याच्या मागच्या बाईनंही. ऑरिन एकेक कोट घेऊन भिंतीलगतच्या बाकावर नीट घडी करून ठेवत गेला, कॉलर वर, बाह्या आत, म्हणजे जाताना ज्याचा त्याला सापडावा, आणि हातात काळ्या शाईचं पेन घेऊन लोक मोकळ्या अंगानं आडोशांकडे गेले.